अमेरिकेतलं क्लिनिकल रोटेशन: कधी, कुठल्या दर्जावर आणि काय सांभाळून

एमबीबीएस करता करता अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचा, विचार डोक्यात आला, की सीनियर्सकडून पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘यूएससीई कर.’ यूएससीई म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयात, तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेलं क्लिनिकल काम. नुसत्या गुणांवर भागत नाही, कारण गुणांचं वजनच कमी झालंय. यूएसएमएलई, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा. तिच्यातल्या स्टेप १ चा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास असा लागतो. रुग्णाशी बोलताना, त्याला तपासताना उमेदवार कसा वागतो हे जोखणारी स्टेप २ सीएस ही परीक्षा २०२० मध्ये स्थगित झाली आणि २०२१ मध्ये कायमची बंद. आकड्यात गुण मिळतात ते आता रेसिडेन्सीआधी बहुतेकांना फक्त स्टेप २ सीके या क्लिनिकल ज्ञानाच्या परीक्षेचे. हा मुलगा किंवा मुलगी आमच्या वॉर्डात उभी राहील का, या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यातून मिळत नाही. ते मिळतं तिथल्याच एखाद्या डॉक्टरच्या शिफारसपत्रातून, आणि ते पत्र मिळवायचं तर तिथे जाऊन काम केलेलं असावं लागतं.

गोंधळ होतो तो नावांचा. इलेक्टिव्ह म्हणजे मेडिकल कॉलेजशी संलग्न रुग्णालयात, विद्यार्थी म्हणून, साधारण चार आठवडे केलेलं रोटेशन. हिस्ट्री घेणं, तपासणं, राउंडला केस मांडणं, नोट लिहिणं ही कामं त्यात करता येतात. सब-इंटर्नशिप हा त्याचाच वरचा टप्पा. तिथे विद्यार्थ्याला जवळपास इंटर्नइतकी जबाबदारी मिळते, पण परदेशी विद्यार्थ्यांना या जागा कमीच मिळतात. ऑब्झर्व्हरशिपमध्ये फक्त पाहायचं. रुग्णाला हात लावायचा नाही, नोट लिहायची नाही, ऑर्डर टाकायची नाही. एक्स्टर्नशिप हा शब्द मात्र जपून वाचावा. पदवीनंतर प्रत्यक्ष काम करू देणारं रोटेशन असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ते खरोखर मिळणं दुर्मीळ, आणि जाहिरातीत हा शब्द दिसला की नेमकं काय करू देणार ते लेखी मागावं.

यातलं तुम्हाला काय मिळणार हे हुशारीवर कमी आणि रोटेशनच्या तारखेला तुमचा दर्जा काय असेल यावर जास्त ठरतं. विद्यार्थी असाल तर इलेक्टिव्ह. पदवी हातात आली की इलेक्टिव्हचं दार जवळपास सगळीकडे बंद आणि उरते ऑब्झर्व्हरशिप. ‘आधी एमबीबीएस नीट होऊ दे, मग बघू’ हा घरच्यांचा सल्ला एरवी शहाणपणाचा असतो. इथे तो महागात पडतो.

आपल्याकडच्या एमबीबीएसमध्ये ही संधी बसवायची कुठे? साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप हा आपला साचा, तर अमेरिकी रुग्णालयाला हवा असतो मेडिसिन, सर्जरी, पेडियाट्रिक्स, गायनॅक असे मुख्य विषय वॉर्डात करून झालेला, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. म्हणजे जागा तीन. पहिली, अंतिम वर्षाच्या दुसऱ्या भागातली सुटी किंवा अभ्यासक्रमातला इलेक्टिव्हचा काळ. हा काळ लहान असतो, त्यातून परदेशी जायला कॉलेजची परवानगी लागते, आणि हजेरीचा प्रश्न आपलाच असतो. दुसरी, अंतिम परीक्षा संपल्यापासून इंटर्नशिप सुरू होईपर्यंतचे आठवडे. हे किती मिळतील ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा निकाल कधी लागतो यावर, त्यामुळे तारखा आधी पक्क्या करता येत नाहीत. तिसरी, इंटर्नशिप. तिथे सुटी मोजकी. जास्त गैरहजेरी झाली की इंटर्नशिप तितकी लांबते आणि तिच्यामागोमाग डॉक्टर म्हणून नोंदणीही. तरीही बरेच जण मुदतवाढ पत्करून याच काळात जातात, कारण तोवर क्लिनिकचा हात बसलेला असतो.

इंटर्न हा विद्यार्थी की डॉक्टर, यावर अमेरिकी रुग्णालयांचं एकमत नाही. काही जण म्हणतात, अंतिम परीक्षा पास झाली, म्हणजे ग्रॅज्युएट. काही जण पदवी प्रदान झाली का एवढंच पाहतात. त्यामुळे डीन ऑफिसकडून घ्यायच्या पत्रात हे वाक्य स्पष्ट हवं: इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही, आणि अमुक तारखेपर्यंत हा विद्यार्थी या महाविद्यालयात शिकत आहे. नुसतं बोनाफाइड नेलं तर बहुधा परत मेल येतो.

जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान अशा देशांत एमबीबीएस किंवा त्याच्या तोडीची पदवी करणाऱ्या मराठी मुलांसाठी यात एक वेगळा सापळा आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवीवर भारतात नोंदणी हवी असेल, तर शिक्षणाचा किंवा इंटर्नशिपचा कुठलाही भाग पदवी देणाऱ्या देशाबाहेर झालेला चालत नाही. उलट अमेरिकेचा व्हिसा-नियम म्हणतो, की इलेक्टिव्ह हा तुमच्या कॉलेजने मान्य केलेला शिक्षणाचा भाग असावा. तिबिलिसीत शिकणाऱ्याने न्यू जर्सीत चार आठवडे करून ते ट्रान्स्क्रिप्टवर चढवले, तर तिकडचं काम होईल आणि इकडची नोंदणी अडेल. भारतात परतायचा विचार थोडाही शिल्लक असेल, तर हा निर्णय तिकीट काढायच्या आधी, लेखी विचारणा करून घ्यावा. नाहीतर सुटीत, क्रेडिट न घेता ऑब्झर्व्हरशिप करावी. ती कमी मोलाची, पण निर्धोक.

अर्ज करायचे मार्ग दोन. एक व्हीएसएलओ, म्हणजे अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचं, एएएमसीचं, पोर्टल. आपलं कॉलेज त्यात सहभागी असेल तरच त्यातून अर्ज करता येतो, म्हणून पहिला फोन आपल्याच स्टुडंट सेक्शनला. नसेल, तर ज्या मेडिकल कॉलेजांच्या संकेतस्थळावर परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र फॉर्म आहेत, तिथे थेट अर्ज. काही ठिकाणी स्टेप १ पास असणं सक्तीचं असतं, काही ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण लागतात, काही ठिकाणी परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. अर्ज सहा महिने ते वर्षभर आधी सुटलेला बरा. तिथलं शैक्षणिक वर्ष जुलैत सुरू होतं आणि जुलै ते नोव्हेंबर या काळात तिथलेच शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सब-इंटर्नशिपसाठी जागा अडवून बसतात. जानेवारीनंतर जागा मोकळ्या होतात. शक्य असेल तर तेव्हा मागाव्यात.

कागदपत्रांत बहुतेक गोष्टी पैसे आणि खेटे घालून मिळतात: मार्कशीट, डीनचं पत्र, सीव्ही, एखादं शिफारसपत्र, बीएलएस किंवा एसीएलएस या जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं कार्ड, उपचारातल्या चुकीसाठीचा मॅलप्रॅक्टिस विमा (बहुधा दर घटनेला १० लाख आणि एकूण ३० लाख डॉलरचा), आरोग्य विमा, कधी ड्रग टेस्ट, कधी पोलीस व्हेरिफिकेशन. अडतं ते लसीकरणाच्या फॉर्मवर. तिथे घाई चालत नाही, कारण शरीर आपल्या वेळेनेच अँटीबॉडी बनवतं.

हिपॅटायटिस बी पासून सुरुवात करा. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची मोजणी. ते संख्येत हवं. ‘रिअॅक्टिव्ह’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी परत येतो. आकडा १० मिली-आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिली किंवा त्याहून जास्त लागतो. लहानपणी लस घेतलेल्यांचा आकडा पुष्कळदा खाली गेलेला असतो; तेव्हा एक डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा टायटर पाहतात, आणि तरीही आला नाही तर मालिका पूर्ण करतात. हिशोब मांडून पाहा. रोटेशन फेब्रुवारीत, कागद दोन महिने आधी म्हणजे डिसेंबरात, आणि तीन डोस अधिक टायटर यांना आठ महिने. म्हणजे ज्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे त्याचा पहिला डोस एप्रिलमध्ये.

गोवर, गालगुंड, रुबेला यांचे एमएमआरचे दोन डोस किंवा तिन्हींचे टायटर. इथे गालगुंडावर घोडं अडतं. आपल्या सरकारी कार्यक्रमातली एमआर लस फक्त गोवर आणि रुबेलाची आहे. गालगुंड तिच्यात नाही. कार्डावर ‘एमआर’ लिहिलेलं असेल तर ते एमएमआर म्हणून चालत नाही. दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर हवं. कांजिण्यांचेही दोन डोस किंवा टायटर. ‘लहानपणी येऊन गेल्या’ हे आईचं सांगणं तिथे पुरावा धरत नाहीत. धनुर्वाताचं टीटी किंवा टीडी घेतलं असेल तरी टीडॅप वेगळी घ्यावी लागते, कारण तिच्यात डांग्या खोकल्याचा घटक असतो. ती खासगी दवाखान्यांत मिळते, गेल्या दहा वर्षांतली असावी लागते. फ्लूच्या मोसमात जायचं असेल तर त्या मोसमाची फ्लूची लस.

आणि टीबी. आपल्यातल्या जवळपास प्रत्येकाने बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे माँटू टेस्ट फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून इग्रा ही रक्ताची तपासणी करावी, जी बाजारात बहुधा क्वांटिफेरॉन या नावाने ओळखली जाते. ती ज्या प्रथिनांवर चालते ती बीसीजीच्या जंतूत नसतात. वॉर्डात वर्षानुवर्षं वावरलेल्या भारतीय विद्यार्थ्याची इग्रा पॉझिटिव्ह येणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि तेवढ्यावर टीबी झाला असंही होत नाही. मग छातीचा एक्स-रे, लक्षणं नसल्याचं डॉक्टरचं पत्र, आणि काही रुग्णालयं सुप्त टीबीच्या उपचाराबद्दलही विचारतात. तो उपचार रिफाम्पिसिनचा चार महिन्यांचा असू शकतो, म्हणजे पुन्हा कॅलेंडर. एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत जंतूंच्या असतात आणि त्यांच्यानंतर लगेच केलेली टीबीची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्त एकतर लसीच्या दिवशीच द्यावं, नाहीतर किमान चार आठवडे थांबावं. हा क्रम चुकला तर पैसे देऊन तीच तपासणी पुन्हा.

व्हिसा बी-१ किंवा बी-१/बी-२ असा एकत्रित. अर्जाचं मूळ शुल्क २०२३ पासून १८५ डॉलर, फॉर्म डीएस-१६०, मुलाखत महाराष्ट्रातल्यांसाठी बहुधा मुंबईत बीकेसीला. मुलाखतीची तारीख मिळायला लागणारा वेळ कधी आठवड्यांचा, कधी महिन्यांचा, म्हणून रुग्णालयाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात फॉर्म भरावा. पत्रात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: रोटेशनच्या तारखा, विभाग, पगार नाही, आणि हे विद्यार्थ्याचं इलेक्टिव्ह आहे की निरीक्षण. व्हिसा अधिकाऱ्याला ‘फिरायला चाललोय’ असं सांगू नये. ते खोटं आहे, आणि बॅगेतल्या स्टेथोस्कोपपासून फोनमधल्या मेलपर्यंत सगळं त्याच्या विरुद्ध बोलतं. विमानतळावरही हेच पत्र हातात ठेवावं आणि उतरल्यावर ऑनलाइन आय-९४ ही प्रवेशाची नोंद उघडून दर्जा आणि मुदत तपासावी. पदवीधराने याच व्हिसावर जाऊन रुग्णांवर उपचार करणं हा नियमभंग आहे, कुणी पैसे घेऊन ‘करू देतो’ म्हटलं तरी.

ही ‘करू देतो’ म्हणणारी मंडळी बरीच आहेत. खासगी क्लिनिकमध्ये चार आठवडे बसवून देतात, शुल्क हजारो डॉलरांत घेतात आणि शेवटी छापील मजकुराचं पत्र देतात. निवड समितीने अशी पत्रं भरपूर पाहिलेली असतात. पैसे भरण्यापूर्वी विचारावं: पत्र लिहिणारा डॉक्टर रेसिडेन्सी असलेल्या रुग्णालयात शिकवतो का? तिथल्या रेसिडेंटबरोबर राउंड असेल का? महिन्याला किती विद्यार्थी बसवता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, की समजून जावं.

खर्चाचं सांगायचं तर रुग्णालयाचं शुल्क शून्यापासून काही हजार डॉलरपर्यंत कितीही असू शकतं. खिसा खरा रिकामा होतो तो राहण्यात आणि येण्याजाण्यात. शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया इथे बस-ट्रेनने पहाटे रुग्णालय गाठता येतं; उपनगरातल्या रुग्णालयाला मात्र गाडीशिवाय पोचणं कठीण. काका-मावशी न्यू जर्सीत राहतात हा मोठा आधार, पण त्यांच्या घरापासून रुग्णालय तासाभरावर असेल आणि रोज पहाटे पाचला कुणाला तरी उठावं लागणार असेल, तर रुग्णालयाजवळ खोली घेतलेली सगळ्यांच्याच सुखाची.

आता वॉर्ड. आपला विद्यार्थी तिथे अडखळतो तो ज्ञानात नाही, केस मांडण्यात. आपल्याला परीक्षेची सवय: नाव, वय, धंदा, तक्रारी, हिस्ट्री, मग पॅलर, इक्टेरस, सायनोसिस, क्लबिंग अशी उतरंड, आणि शेवटी परीक्षकाने विचारलं तर निदान. तिथे सकाळच्या राउंडला एका रुग्णासाठी तीन ते पाच मिनिटं असतात. सुरुवात एका वाक्याने: ‘६२ वर्षांचे, मधुमेह आणि हार्ट फेल्युअर असलेले गृहस्थ, तीन दिवस वाढत गेलेल्या दम लागण्यासाठी दाखल, आज दुसरा दिवस.’ मग रात्रीत काय घडलं, व्हायटल्स, किती द्रव गेलं आणि किती बाहेर आलं, वजन कालपेक्षा किती, तपासणीत बदललेलं तेवढंच, रक्ताचे नवे आकडे. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: तुम्हाला काय वाटतं आणि आज काय करावं, एकेका प्रश्नाखाली. ‘पहिला प्रश्न हार्ट फेल्युअर, काल दीड लिटर निगेटिव्ह, क्रिएटिनिन स्थिर, पायाची सूज अजून आहे, म्हणून शिरेतून फ्युरोसेमाइड चालू ठेवावं आणि पोटॅशियम दुपारी पुन्हा पाहावं.’ हे चुकलं तरी चालतं. अटेंडिंग, म्हणजे टीमचे वरिष्ठ डॉक्टर, दुरुस्त करतात. तपासणी सांगून गप्प बसलं, तर मात्र चार आठवड्यांत तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं त्यांच्याकडे काही साठत नाही.

हे मांडायचं तर राउंडच्या तासभर आधी पोचून रुग्ण स्वतः बघून ठेवावा लागतो. सुरुवातीला दोन रुग्ण पुरे. दारावर टकटक, हात सॅनिटाइझ, स्वतःचं नाव आणि ‘मी विद्यार्थी आहे’ हे सांगणं, तपासण्याआधी परवानगी, पडदा ओढणं: ओपीडीत शंभर केस पेपर उपसायची सवय असलेल्याला हे संथ वाटतं, पण तिथे कोणी ते गाळत नाही. औषधांची काही नावं आधी जिभेवर बसवून जावीत: पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, अॅड्रेनॅलिन तिथे एपिनेफ्रिन, लिग्नोकेन तिथे लिडोकेन. रुग्णाची माहिती जपण्याचा हिपा कायदा कडक आहे. एक्स-रेचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं, लिफ्टमध्ये रुग्णाबद्दल बोलणं, आपल्याकडे नसलेल्या रुग्णाची फाइल कुतूहलाने उघडणं, यातली शेवटची गोष्टसुद्धा संगणकात नोंदली जाते, आणि रोटेशन तिथल्या तिथे थांबू शकतं.

ऑब्झर्व्हरशिप मिळाली असेल तर हात बांधलेले असतात, तोंड नाही. राउंडनंतर एखाद्या रुग्णाबद्दल ‘आज हे औषध का थांबवलं?’ असा नेमका प्रश्न, दुसऱ्या दिवशी त्यावरचा एक पेपर वाचून दोन मिनिटांत सांगणं, टीमसाठी दहा मिनिटांचं छोटं सादरीकरण मागून घेणं. एवढं केलं तर निरीक्षकाबद्दलही पत्रात चार खऱ्या ओळी येतात.

ब्रिटनकडे पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमांत परदेशी विद्यार्थ्याचं इलेक्टिव्ह बिनपगारी आणि रुग्णोपचाराविना असावं लागतं. पदवीधरांच्या क्लिनिकल अटॅचमेंटचंही तसंच. म्हणजे ते पाहणंच आहे, आणि तिथली व्यवस्था समजून घ्यायला चांगलं आहे. जर्मनीत विद्यार्थ्याची फामुलाटूर आणि पदवीधराची हॉस्पिटाट्सियोन असते. तिथे जर्मन येत नसेल तर वॉर्डातलं जवळपास काहीच कळत नाही, म्हणून आधी भाषा.

शिफारसपत्राची तयारी रोटेशनच्या पहिल्याच दिवशी सुरू होते. वॉर्डाच्या सेवेत अटेंडिंग आठवड्याने किंवा पंधरवड्याने बदलतात, त्यामुळे चार आठवड्यांत तुम्हाला पूर्ण पाहिलेलं कोणीच उरत नाही असं घडतं. वेळापत्रक आल्यावरच पाहावं की कोण सलग दोन आठवडे आहे. त्यांच्यासमोर जास्तीत जास्त केस मांडाव्यात. मध्यावर ‘मी काय सुधारू?’ असं विचारावं आणि पुढच्या आठवड्यात ते सुधारलेलं दिसू द्यावं. पत्र मागताना ‘तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ असंच विचारावं. उत्तरात थोडी चाचरण आली तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावं. गुळमुळीत पत्र नसलेलं बरं. हो म्हणाले तर त्याच दिवशी सीव्ही, तुम्ही पाहिलेल्या दोन-तीन रुग्णांची आठवण करून देणाऱ्या ओळी (नावं न लिहिता) आणि एरास या रेसिडेन्सी-अर्जाच्या पोर्टलमधून काढलेला पत्राचा विनंती-फॉर्म पाठवावा. त्या फॉर्मवर पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करावी. न सोडलेल्या पत्रावर समित्या फारसा विश्वास ठेवत नाहीत. पत्र डॉक्टर स्वतः पोर्टलवर चढवतात, तुमच्या हातात येत नाही. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात आणि अर्ज सप्टेंबरमध्ये सुटतात. फेब्रुवारीत कबूल केलेलं पत्र ऑगस्टपर्यंत चढलेलं नसेल, तर एक सौम्य आठवण, सोबत नवा स्टेप २ चा निकाल. दोन आठवड्यांनी त्यांच्या कोऑर्डिनेटरला मेल. बहुतेक अडलेली पत्रं तिथूनच सुटतात.